तपेलीवरचा हवालदार

"बा देवा म्हाराजा," बाबा म्हणाले.

"व्हय म्हाराजा," आम्ही अकरा जण म्हणालो.

"आज जो ह्यो नारळ तुझ्या पायाकडे ठेवलो हा, तो कोणा माणसासाठी न्हय."

"व्हय म्हाराजा."

"तो एका माशासाठी आसा."

इथे 'व्हय म्हाराजा' यायला जरा वेळ लागला.

बंदरावरच्या घुमटीसमोर आम्ही चपला काढून उभे होतो. आमच्या गावात गाऱ्हाणं घालायचा मान मेतरांच्या घराकडे, म्हणजे बाबांकडे. एकाने देवाला सगळं मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला होकार भरायचा. होकार भरला की ते वाक्य सगळ्यांचं होतं. उद्या ते खोटं निघालं तर सगळेच खोटे. माझ्या आठवणीत त्या घुमटीसमोर लग्नं, नोकऱ्या, चोरीला गेलेली दोन इंजिनं आणि लवू खवणेकराच्या सासूची मूळव्याध एवढे विषय येऊन गेले होते. मासा पहिल्यांदाच येत होता.

"जो हवालदार तपेलीच्या दगडार आपल्या अंड्यांची राखण करता, त्याका पाच दिस कोणी त्रास देवचो नाय. त्या दगडार कोणी जावचां नाय, कोणी हात लावचो नाय. आणि जो कोण जायत, त्याका..." बाबा थांबले. शापाची जागा आली की ते नेहमी थांबत. त्यांना शाप जमत नसे. "त्याका तू बघून घे."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यात मोठा आवाज माझा होता. मी एकवीस वर्षांचा होतो आणि पर्यटकांना हसवण्यासाठी बोटीवर बाबांच्या गाऱ्हाण्याची नक्कल करायचो. त्यामुळे सराव होता.

हवालदार हा तळहातात मावेल एवढा मासा. पाठ पिवळसर, अंगावर पाच काळे पट्टे. पट्ट्यांमुळेच आमच्या बंदरात त्याला हे नाव पडलं. किनाऱ्यापासून होडीने दहा मिनिटांवर पाण्याखाली दगडांची रांग आहे. दगडांवर पोवळी, शेवाळ, कपारी, कपारींत काटेरी गोळे. तिथे हे मासे राहतात. एरवी इतका भिकारडा मासा दुसरा नाही. पर्यटकाच्या हातात पावाचा तुकडा दिसला की शंभर जण अंगावर चढतात, आणि त्याच चित्रफितीसाठी लोक आमच्या बोटीत बसतात. पण अंड्यांवर असला की हवालदार बदलतो. अंग निळं-काळं होतं. पावाकडे बघत नाही. जवळ येईल त्याच्यावर धावून जातो, मग तो पोपट मासा असो की माणूस. बोटवाल्या लवूच्या कानाला तो दोनदा चावला होता. लवू म्हणायचा, त्या कानाने आता नीट ऐकू येतं.

हे सगळं सुरू झालं ते पेठे मॅडममुळे. त्या पुण्याहून दगडांवरच्या माशांचा अभ्यास करायला आल्या होत्या आणि आमच्याच होडीने रोज जायच्या. एके दिवशी तपेलीवरून वर आल्या आणि होडीच्या कडेला लोंबकळतच बाबांना सांगू लागल्या. तपेली म्हणजे पालथ्या तपेल्यासारखा दिसणारा दगड, दोन पुरुष खोल पाण्यात. त्याच्या एका अंगाला बशीएवढा जांभळा डाग होता, कोकमाचा पडावा तसा. तो डाग म्हणजे हजारो अंडी.

"पाच दिवसांत फुटतील. पाचव्या दिवशी तिन्हीसांजेला," मॅडम म्हणाल्या. "तोवर नर हलत नाही. नीट खातही नाही. पिल्लं बाहेर पडली की मात्र रात्रीतून त्याचा रंग परत येतो. सकाळी बघाल तर चरायला गेलेला असतो."

"आणि बायल?" बाबांनी विचारलं.

"ती अंडी घालून निघून जाते. पुढचं सगळं नर बघतो."

बाजूच्या बोटीवरून लवू ओरडला, "म्हंजे माशांत पण वासूआवस आसा."

सगळे हसले. मीही हसलो. बाबांचं नाव वसंत, पण गावात त्यांना वासूआवस म्हणत. आवस म्हणजे आई. त्याचं कारण मी होतो, पण ते पुढे येईल.

तेवढ्या माशासाठी बाबा उभ्या आयुष्यात पहिल्यांदा बोटवाल्यांशी भांडले. तपेली ही सगळ्यांची लाडकी जागा. पाणी स्वच्छ, मासे भरपूर, पोहता न येणाऱ्यालाही वरून दिसतं. लवू म्हणाला, "उद्या खेकड्याक पाळणो बांधतलंव काय?" दोन तास वाद झाला आणि शेवटी म्हाताऱ्या तात्या तारींनी तोड काढली. पाच दिवस तपेली बंद. अंडी सुखरूप फुटली तर दरवर्षी त्या दिवसांत बंद ठेवायची. नाही फुटली तर वासूने पुन्हा माशाचं नाव काढायचं नाही.

"चलात," बाबा म्हणाले आणि नारळ आणायला गेले.

राखण करणाऱ्या माशाची राखण करायला मला नेमलं. तशी दुसरी कुठलीच जबाबदारी माझ्यावर टाकण्यासारखी नव्हती. छोटी होडी, नांगर, काठीला बांधलेलं पिवळं फडकं, पाण्याचा डबा, डोळ्यांना लावायचा मास्क. सकाळी सातला जायचं, काळोख पडायच्या आत परत.

पहिले दोन दिवस मी दर तासाला मास्क लावून पाण्यात तोंड घालायचो आणि विचारायचो, "हवालदारानू, जेवलात काय?" तो जेवलेला नसायचा. दगडासमोर मागेपुढे करत असायचा. शेपटीने अंड्यांना वारा घालायचा. मधूनच एखादं मेलेलं अंडं तोंडाने उचलून लांब नेऊन टाकायचा आणि धावत परत यायचा, जणू दूध गॅसवर ठेवून आलाय. त्याच्या चौपट पोपट मासा आला तरी त्याच्या डोळ्यावर जायचा.

तिसऱ्या दिवशी मी खाली उतरून, हात लांब ठेवून बघितलं. कोकमाच्या डागाला डोळे आले होते. प्रत्येक अंड्यात दोन ठिपके. हजारो ठिपके माझ्याकडे बघत होते आणि मला काय विनोद करावा ते सुचलं नाही.

खरं सांगायचं तर एरवी उलटाच त्रास होता. विनोद सुचायचे आणि ऐकायला कोणी नसायचं. चौथ्या दिवशी मी पिवळ्या फडक्याला एक किस्सा सांगितला.

पाचव्या दिवशी दुपारी लवूची बोट आली. बोटीत इस्लामपूरची नऊ माणसं, नारिंगी जॅकेटं घालून पेटीतल्या आंब्यांसारखी रचलेली. लवूने फडक्यापासून लांबच इंजिन बंद केलं. तो शब्द पाळत होता, हे मला सांगितलं पाहिजे.

"दिग्या, पाणी गढूळ झालां रे सगळीकडे," तो म्हणाला. "एक मासो दिसूक नाय. जरा बोल मरे ह्यांच्याशी. माका शिव्या घालतत."

पुढे बसलेल्या एका मावशींनी विचारलं, "हे पोरगं एकटंच काय करतंय म्हणायचं इथं?"

"वॉचमन आहे, मावशी."

"कुणाचा?"

"माशाचा. तो आत पाळण्यापाशी असतो, मी गेटवर."

बोट हसली. पाच दिवसांत पहिल्यांदा. मग मला थांबवणं शक्य नव्हतं. मी हवालदाराची ड्युटी सांगितली, लवूचा कान सांगितला, मग होडीत उभा राहून हात जोडून बाबांच्या आवाजात गाऱ्हाणं घातलं. शापाच्या जागी थांबलो तेव्हा तर मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून.

"आता दाखव की बाबा तो तुझा हवालदार," त्या म्हणाल्या. "एवढ्या लांबनं आलोय."

मी जरा विचार केला. विचार केला हे महत्त्वाचं आहे. दगडावर जायचं नाही. हात लावायचा नाही. गाऱ्हाण्यात एवढंच होतं.

"लवूदा, पाव आसा?"

लवूने माझ्याकडे बघितलं. "चलात मां?"

"गाऱ्हाण्यात पाव खय होतो? दगडापासून पाच वाव लांब टाकूया. दगडार कोण जाणा नाय, मासे हय येतले."

"वकील हो तू," लवू म्हणाला आणि पावाचा पुडा माझ्याकडे फेकला.

मासे आले. गढूळ पाण्यातून, दुसऱ्या दगडांवरून, कुठून कुठून आले. पट्टेवाले, पिवळे, हिरवे, चपटे. इस्लामपूरची नऊ डोकी पाण्यात आणि नऊ जॅकेटं वर. मावशी तोंड बाहेर काढून म्हणाल्या, "आगं, नाचत्यात बघ कसे." दोन मिनिटं मी बंदरावरचा सगळ्यात मोठा माणूस होतो.

मग पाव संपला. मासे संपले नाहीत.

दोन-तीनशे भुकेले मासे पाच वावांवर, आणि पाच वाव, म्हणजे तीसेक फूट, माशाला काहीच नाही. मी मास्क लावून तोंड खाली घातलं, तेव्हा पहिले काही तपेलीकडे वळले होते.

हवालदार पावाला आला नव्हता. तो जागेवरच होता. त्याने पहिल्याला हाकललं, दुसऱ्याला हाकललं. तिसऱ्याच्या मागे हातभर गेला तेवढ्यात मागून दहा शिरले. तो वळला, दहांवर गेला. बाजूने वीस आले. मी उडी मारली. हात मारले, पाय मारले, पाण्यात ओरडलो. पाण्यात ओरडलेलं आपल्यालाच ऐकू येतं. मासे बाजूला व्हायचे आणि माझ्या काखेखालून पुन्हा आत यायचे. शेवटी मी तपेलीवर गेलो. ज्या दगडावर कोणी जायचं नाही असं मीच सगळ्यात मोठ्याने म्हटलं होतं, त्या दगडावर मी पालथा पडलो आणि तो डाग दोन्ही हातांनी झाकला.

हवालदार येऊन माझ्या बोटाला चावला. त्याला मी आणि ते मासे एकच वाटत होतो. त्यात त्याची काही चूक नव्हती.

दम संपून मी वर गेलो, श्वास घेऊन परत आलो. तेवढ्यात झालं होतं. दगड घासलेल्या भांड्यासारखा स्वच्छ. मासे पांगत होते. हवालदार त्या स्वच्छ दगडासमोर मागेपुढे करत होता.

वर लवू बोट वळवत होता. "मस्त झालां रे दिग्या. मावशी खूश." त्याने खाली बघितलंच नव्हतं.

तिन्हीसांजेला बाबा होडी घेऊन आले. मला तोवर एक गोष्ट कळली होती. अंडी फुटली तरी दगड रिकामा आणि खाल्ली तरी रिकामाच. वरून बघणाऱ्याला फरक कळणार नाही.

"काय झालां?" बाबांनी विचारलं.

"फुटली."

"सगळी?"

"सगळी गेली."

हे दुसरं वाक्य खरं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. बाबांनी डोक्यावरची टोपी काढली. माझ्या होडीत येऊन बसले. वाकून पाण्यात बघितलं. उजेड कमी झाला होता, खालचं काही दिसत नव्हतं.

"पाच दिस बसलंस तू," ते म्हणाले. "माका वाटलां नव्हतां."

घरी येऊन त्यांनी खापरोळ्या केल्या. नारळाच्या रसात बुडवून, वेलची घालून, मला आवडतात तशा.

आता ते कारण. मी दीड वर्षाचा असताना आई माहेरी गोव्याला गेली आणि परत आली नाही. तिने पुढे दुसरं लग्न केलं. तिचं तिला माहीत, बाबांनी कधी तिच्याबद्दल वाकडा शब्द काढला नाही. तेव्हा बाबा मोठ्या बोटीवर होते, आठ-आठ दिवस खोल समुद्रात जायचे. ती बोट त्यांनी सोडली. घराच्या पडवीतून दिसेल एवढ्याच पाण्यात फिरणारी लहान होडी घेतली, आणि मला माडाच्या सावलीत तात्यांच्या बायकोकडे ठेवून तासातासाला किनाऱ्याला यायचे. होडीवाले हसायचे. तिथून ते नाव. खापरोळ्या त्यांनी तात्यांच्या बायकोकडूनच शिकल्या. पहिल्या वर्षी त्या खापरोळ्यांनी होडीची भोकं बुजवता आली असती, असं तात्या सांगतात.

मी पाच खाल्ल्या.

सकाळी मॅडम यायच्या आधीच बाबा मला घेऊन तपेलीवर गेले. "रिकामो दगड बघून येतंय," म्हणाले, आणि हसले. मास्क लावून उतरले. बराच वेळ वर आले नाहीत. आले तेव्हा होडीच्या कडेला धरून राहिले.

"तो थयच आसा."

"कोण?"

"हवालदार. अजून काळो. माझ्या अंगार इलो."

"सवय असात," मी म्हणालो.

बाबा माझ्या बोटाकडे बघत होते. बोटाला चिंधी बांधलेली होती.

"बोटाक काय झालां?"

"दोर लागलो."

"होय?" ते म्हणाले आणि होडीत चढले.

अकरा वाजता सगळे घुमटीसमोर जमले. पेठे मॅडमही चपला काढून एका बाजूला उभ्या राहिल्या. पाच दिवस पार पडले म्हणून देवाचे उपकार मानायचे होते. तात्यांनी नारळ बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो माझ्या हातात दिला.

"आज तू घाल."

"वासू, मान तुझो आसा," तात्या म्हणाले.

"माझ्यामागे त्याचोच. घालू दे."

आणि बाबा मागे जाऊन होकार भरणाऱ्यांच्या रांगेत हात जोडून उभे राहिले. त्या रांगेत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. तिथे उभे राहिल्यावर ते एकदम बुटके दिसत होते.

"दिग्या, बोटीर घालतंस तसांच घाल," लवू हळूच म्हणाला. दोघेतिघे हसले.

"बा देवा म्हाराजा," मी म्हणालो. आवाज बाबांचाच आला. सवय.

"व्हय म्हाराजा."

"पाच दिसांमागे तुका एक शब्द दिललो."

"व्हय म्हाराजा."

"हवालदारान आपली राखण केल्यान."

"व्हय म्हाराजा."

आता एकच शब्द उरला होता. अंडी फुटली, एवढंच म्हणायचं. माझ्या मागे मॅडम धरून बारा तोंडं तयार होती. मी म्हणालो असतो की ती बाराही तोंडं होकार भरणार, आणि ते वाक्य सगळ्यांचं होणार. त्यातलं एक तोंड बाबांचं. ते खोटं आहे हे माहीत असूनही ते 'व्हय म्हाराजा' म्हणाले असते. मी वळून बघितलं नाही, पण ते म्हणाले असते याची मला खात्री होती, आणि आजही आहे.

"अंडी फुटली नाय," मी म्हणालो.

मागे काहीच नाही.

"मी पाव टाकलंय. पावाक मासे इले, त्यांनी खाल्ल्यानी."

घुमटीवर एक कावळा होता. तो उडाला.

"हवालदार जाग्यावरसून हललो नाय. तो एकटो पुरो पडलो नाय. आणि मी बापाशीकडे खोटां बोललंय."

गाऱ्हाण्यात असं कधी होत नाही. वाक्य पडलं की होकार येतोच, श्वासासारखा. मी नारळ धरून उभा होतो आणि माझं वाक्य माझ्या एकट्याच्या अंगावर होतं. लवू काही बोलेल असं वाटलं, पाव त्याचा होता. तो वाळूकडे बघत असणार.

"व्हय म्हाराजा," बाबा म्हणाले.

एकट्यानेच. नेहमीच्याच आवाजात, कमी नाही, जास्त नाही.

मग थोड्या वेळाने लवूचा आवाज आला. मग तात्यांचा. बाकीचे कधी म्हणाले ते मला कळलं नाही, कारण मला नारळ फोडायचा होता आणि दगड दिसत नव्हता.

ठरल्याप्रमाणे तपेली मोकळी झाली. बाबांनी त्यानंतर कोणाकडे माशाचं नाव काढलं नाही. शब्द दिला होता. मॅडमनी वहीत एक ओळ लिहिली, माझं नाव न घालता, आणि पुण्याला गेल्या. आज सात वर्षं झाली. आता होडी माझी आहे, गाऱ्हाणंही बरेचदा मीच घालतो. शापाच्या जागी मीही थांबतो. ती नक्कल मात्र मी पुन्हा केली नाही. माझ्या बोटीवर पाव नसतो. लोक कुरकुरतात, मी त्यांना इतर विनोद सांगतो.

त्या दिवशी दुपारी तपेली मोकळी असूनही कोणाचीच बोट तिकडे गेली नाही. बाबा उठले, टोपी घातली आणि छोट्या होडीत जाऊन बसले. मला बोलावलं नाही. मी चढलो, तेव्हा उतर असंही म्हणाले नाहीत. तपेलीवर येऊन त्यांनी नांगर टाकला, पिवळं फडकं काठीला नीट बांधलं आणि बसून राहिले.

तासभर मी गप्प होतो. माझ्यासाठी तो विक्रम होता.

"बाबा," मी शेवटी म्हणालो, "आता थय राखूक काय आसा?"

बाबांनी पायाशी पडलेला मास्क उचलून माझ्याकडे दिला.

"त्याका इचार."

मी मास्क लावला आणि पाण्यात तोंड घातलं. खाली दगड स्वच्छ होता. हवालदार, तसाच निळा-काळा, सरळ माझ्या अंगावर धावून आला.